आमची वाटचाल : भंगारातल्या ट्रकचा इंटरकूलर आणि टर्बो गाड्या

आमची फर्म छोटी आहे. मी, माझा धाकटा भाऊ आणि हाताखाली तीन-चार पोरं. काम एकच, ट्रकचे जुने इंटरकूलर (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, त्याची तापलेली हवा गार करणारा रेडिएटरसारखा भाग) भंगारातनं उचलायचे, धुवायचे, तपासायचे, कापून नवीन टँक (दोन्ही टोकांचे डबे) लावायचे आणि टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कारला बसतील असे करून द्यायचे. बऱ्याच लोकांना वाटतं हा नुसता पैसे वाचवायचा जुगाड आहे. तसं अजिबात नाहीये, आणि का नाहीये ते सांगता सांगताच आमची वाटचाल सांगून होईल.

सुरुवात रेडिएटरपासून. वडील तांब्या-पितळेचे रेडिएटर दुरुस्त करायचे, डाग मारून गळती बंद करायची असं काम, मग ॲल्युमिनियमचे कोअर (ट्यूब आणि पातळ पत्र्याच्या फिनची मधली जाळी) आणि प्लॅस्टिकच्या टँक आल्या आणि ते काम कमी कमी होत गेलं, म्हणून भाऊ आर्गन वेल्डिंग शिकला. त्यामुळे ट्रकवाले इंटरकूलर घेऊन यायला लागले, कुणाचा वेल्ड तडकलाय, कुणाचा दगड लागून फुटलाय. काही जण नवीन बसवून जुना आमच्याकडेच टाकून जायचे, त्यांचा ढीग साठत गेला. मग एक जण दोन लिटर टर्बो कार घेऊन आला, कंपनीचा इंटरकूलर अगदी लहान, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला की ॲक्सिलरेटर दोन-चारदा दाबल्यावरच गाडी मंद पडते म्हणाला, आणि त्याने त्या ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, यातला एखादा बसेल का? तिथनं हे सगळं सुरू झालं.

आता मुळात इंटरकूलर कशाला लागतो ते सांगतो, कारण गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी हेच बोलतो. हवा दाबली की तापते, सायकलला पंप मारताना नळी गरम लागते तसंच. बाहेर ३० अंश आहे आणि टर्बो १ बार बूस्ट देतोय, म्हणजे हवा दुप्पट दाबली जातेय, आणि कॉम्प्रेसरची (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाची) एफिशियन्सी ७० टक्के धरली तर टर्बोतनं निघणारी हवा साधारण १२५ अंशावर जाते. एवढी गरम हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी, आणि पेट्रोल इंजिनात दुसरा मोठा धोका म्हणजे नॉकिंग, मिश्रण आपोआप पेटून इंजिनाला ठोके बसतात. तीच हवा ५५-६० अंशावर आणली तर तेवढ्याच प्रेशरला जवळपास २० टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये जाते आणि इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्यावं लागत नाही. पोर्शने १९७८ मध्ये ९११ टर्बोला इंटरकूलर लावला आणि इंजिन ३.० वरनं ३.३ लिटर केलं, तेव्हा पॉवर २६० वरनं ३०० हॉर्सपॉवरवर गेली, सगळं श्रेय इंटरकूलरचं नाही पण त्यानंतर रस्त्यावरच्या टर्बो कारला इंटरकूलर हवाच हे पक्कं होत गेलं.

मग ट्रकचाच का? कारण ट्रकचं डिझेल इंजिन आयुष्यभर बूस्टवरच चालतं. पूर्ण लोड घेऊन लांब चढावर तासन्‌तास, आणि डिझेलला तेवढ्याच पॉवरसाठी पेट्रोलपेक्षा हवा बरीच जास्त लागते, त्यामुळे त्याचा इंटरकूलर भरपूर हवा, भरपूर प्रेशर आणि सततची उष्णता हे सगळं धरूनच बनवलेला असतो. पेट्रोल इंजिनाचा ढोबळ हिशोब असा की १०० हॉर्सपॉवरला मिनिटाला साडेचार किलोच्या आसपास हवा लागते. ३०० हॉर्सपॉवरची कार म्हणजे साडेतेरा किलो, मध्यम ट्रकच्या कोअरला एवढं काहीच नाही. इसुझूच्या एनपीआर ट्रकचा इंटरकूलर हौशी लोक कितीतरी वर्षं टर्बो गाड्यांना लावतायत, ते उगाच नाही.

अजून एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार आवडते. स्पोर्ट्स कार रस्त्यावर सतत फुल बूस्टवर नसतेच, पाच-सात सेकंद दाबली, सोडली, परत दाबली. अशा वेळी कोअरचं वजनच कामाला येतं. सेकंदाला ०.२ किलो हवा ६० अंशाने थंड करायची म्हणजे १२ किलोवॅट उष्णता काढायची, पाच सेकंदांत ६० किलोज्यूल. ८ किलोचा ॲल्युमिनियमचा कोअर ही सगळी उष्णता नुसती स्वतःच्या अंगात घेऊन फक्त ८ अंशाने तापतो, समोरनं वारा आला नाही तरीसुद्धा! मग पाय काढला की वाऱ्यावर परत गार. हा हिशोब पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे बघत बसलो, कारण जड आहे म्हणून लोक ज्याला नाक मुरडतात तेच त्याचं बळ होतं. ट्रॅकवर मात्र हे पुरत नाही, तिथे मिनिटामागून मिनिटं लोड असतो, कोअर एकदा तापला की मग बाहेरची हवा फिनमधनं किती जाते यावरच सगळं ठरतं.

पहिल्या गाडीपासून एक सवय लावून घेतली ती आजही मोडलेली नाही. इंटरकूलरच्या आधी एक थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर), नंतर एक, बाहेरच्या हवेला एक, आणि दोन्ही बाजूंना प्रेशर गेज. आत १२० अंश, बाहेर पडताना ५०, आणि वातावरण ३० असेल तर ९० पैकी ७० अंश उतरले, म्हणजे ७८ टक्के इफेक्टिव्हनेस. गिऱ्हाइकाच्या हातात आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे देतो. गाडी आता मस्त पळते असं तर कुणीही म्हणतं, खर्च केल्यावर प्रत्येकाला गाडी मस्तच पळतेय असं वाटतं, म्हणून आकडा पाहिजे.

प्रेशर गेज दोन्हीकडे का, तर नुसतं तापमान उतरवणं पुरेसं नाही. कोअर हवा अडवत असेल तर टर्बोला ती तूट भरून काढायला जास्त फिरावं लागतं, मग हवा अजून तापते. आणि वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) प्रेशर लाईन जर इंटरकूलरनंतर घेतलेली असेल तर मॅनिफोल्डवरचा (इंजिनाच्या तोंडाशी हवा वाटणाऱ्या पाईपवरचा) बूस्ट गेज १ बारच दाखवत राहतो, आतमध्ये टर्बोची काय दमछाक चाललीय ते कळतच नाही. फुल लोडला दोन्ही गेजमधला फरक, म्हणजे ड्रॉप, दीड पीएसआयच्या आत (१ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) असेल तर आम्ही खूश, दोनच्या वर गेला तर कोअर बदलायचा विचार करतो.

माल निवडणं हे या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आणि इथे आम्ही खरंच कडक आहोत. पहिला प्रश्न, ट्रक भंगारात का आला? अपघाताचा असेल तर कोअर पिळवटलाय का बघायचं, दोन्ही टोकांना सरळ पट्टी लावून. टर्बो फुटून इंजिन गेलेलं असेल तर तो इंटरकूलर शक्यतो घेतच नाही, कारण कॉम्प्रेसर व्हीलचे तुकडे ट्यूबच्या आत अडकून बसतात, आतमध्ये बारीक टर्ब्युलेटर फिन (हवा घुसळणाऱ्या पट्ट्या) असल्या तर ते धुवून निघतीलच याची खात्री देता येत नाही, आणि एक तुकडा जरी नंतर सुटला तरी तो थेट सिलिंडरमध्ये. मग बाहेरच्या फिन बघायच्या. थोड्या वाकलेल्या चालतात, कंगव्याने सरळ होतात, पण मीठ आणि चिखलाने कुजून हाताला भुगा होत असेल तर ट्यूब कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, उष्णता फिनमधनंच बाहेर जाते. शेवटी टँक. कास्ट ॲल्युमिनियमची वेल्ड केलेली असेल तर उत्तम, प्लॅस्टिकची दाबून बसवलेली असेल तर ती काढून टाकावीच लागते, आणि हेडर प्लेटला (ट्यूबची टोकं जिच्यात बसतात त्या पट्टीला) वेल्ड करायला पुरेशी जाडी आहे का ते आधी बघायचं.

धुणं कंटाळवाणं पण त्याला पर्याय नाही. ट्रकच्या इंटरकूलरमध्ये इंजिन ऑईलचा थर असतोच, कमीजास्त. डिझेलला त्याने फारसं बिघडत नाही, पण पेट्रोल इंजिनात ऑईलची वाफ गेली की इंधनाची नॉक सहन करायची ताकद कमी होते. आम्ही आधी रॉकेलसारखं सॉल्व्हंट भरून उलटसुलट हलवतो, रात्रभर ठेवतो, मग डिग्रीझर, मग गरम पाणी, दोन्ही दिशांनी, निघणारं पाणी पांढऱ्या फडक्यातनं गाळून बघतो. फडकं स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. आणि एक कळकळीची विनंती, घरी करणाऱ्यांनी कॉस्टिक सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो, इंटरकूलर चकचकीत दिसेल पण ट्यूब पातळ झालेली असेल.

यानंतर भावाचं काम. ट्रकचा कोअर सहसा कारच्या बंपरमागे मावत नाही, उंची कमी करावी लागते, म्हणजे ट्यूबच्या ओळी कमी करायच्या. इथे हाव करून चालत नाही कारण जेवढ्या ट्यूब कापाल तेवढी हवेची वाट कमी आणि ड्रॉप वाढतो, म्हणून आधी गाडीची पॉवर विचारून किती ट्यूब ठेवायच्या ते ठरवतो आणि मगच करवत हातात घेतो. जुन्या कास्टिंगला वेल्ड करताना धातूच्या छिद्रांत मुरलेलं ऑईल उकळून वर येतं आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात, म्हणून तो भाग घासून, तापवून, परत पुसून घ्यायचा, आणि ४०४३ फिलर (ॲल्युमिनियमची वेल्डिंग सळी) वापरायचा. नवीन टँक आम्ही शीटच्या बनवतो, तोंडापासून हळूहळू निमुळत्या, म्हणजे हवा सगळ्या ट्यूबमध्ये सारखी वाटली जाते. चौकोनी डबा वेल्ड करून दिला तरी गाडी चालेल, पण पाईपसमोरच्या चार ट्यूबच सगळं काम करतील आणि बाकीच्या नुसत्या बघत राहतील. पाईपच्या टोकांना बीडिंग (उंच कड) केल्याशिवाय पीस बाहेर जात नाही, गुळगुळीत पाईपवर सिलिकॉन होज बूस्टला सटकतोच, टी-बोल्ट क्लॅम्प कितीही आवळा.

मग टेस्ट. ट्रकच्या दुनियेत ३० पीएसआय भरून १५ सेकंदांत ५ पीएसआयने उतरलं तरी बऱ्याच ठिकाणी पास धरतात, डिझेलला चालून जातं. पेट्रोलला आम्ही ते चालवून घेत नाही. ज्या गाड्यांना एअरफ्लो मीटर आहे तिथे मीटरने मोजलेली हवा पुढे गळाली तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल मात्र सगळ्या हवेचं सोडतो, मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. म्हणून पाण्याच्या टाकीत बुडवून २ बारला एकही बुडबुडा नको. (हवेची टेस्ट करताना प्लग साखळीने बांधा, समोर उभे राहू नका. दाबलेली हवा माणसाला मारू शकते.)

लोकांची सगळ्यात मोठी भीती म्हणजे लॅग, पाय दाबल्यावर बूस्ट उशिरा येणं. एवढा मोठा डबा भरायलाच वेळ लागेल म्हणतात. हिशोब करून बघा ना, समजा कंपनीच्या इंटरकूलरपेक्षा ५ लिटर जागा वाढली, १ बार बूस्टला ती भरायला ५ लिटर जादा हवा लागणार, आणि दोन लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला ५० लिटर ओढतं. म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. एवढा फरक पायाला जाणवणं अवघड आहे, तो जाणवत असेल तर पाईप उगाच तीन इंची जाड आणि गाडीभर फिरवलेले असतात, तिकडे बघा.

फिटिंगचं आम्ही स्वतः कमी करतो, गॅरेजवाल्यांना सूचना लिहून देतो. कोअर रबर बुशवर बसवा, बॉडीला घट्ट बोल्ट केला की बॉडीच्या पिळाने वेल्ड तडकतो. बाजूच्या फटी शीट आणि फोमने बंद करा, नाहीतर वारा कोअरमधनं न जाता बाजूने निघून जातो आणि सगळी मेहनत फुकट. मागे रेडिएटर आहे हे विसरू नका, कूलंटचं तापमान आधी आणि नंतर बघा, वाढलं तर डक्टिंग आणि फॅन सुधारा. आणि बंपरच्या आतला लोखंडी बीम कापायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही सरळ नाही म्हणतो, तो बीम जीव वाचवतो, त्याच्यापुढे पाच अंश काहीच नाहीत. अशा वेळी लहान कोअर देतो किंवा वाकडा बसवायची जागा शोधतो, बोनेटखालीच टॉप-माउंट (इंजिनावर बसवलेला इंटरकूलर) असलेल्या गाड्यांनासुद्धा बऱ्याचदा हेच लागू पडतं. आणि गाडीत असे बदल तुमच्या इथल्या नियमात बसतात का ते आधी बघून घ्या, ऑर्डर नंतर द्या.

आज आमच्याकडे ढीग नाही, मांडणी आहे. प्रत्येक कोअरवर चिठ्ठी, रुंदी, उंची, जाडी, किती ट्यूब, कुठल्या ट्रकचा, टेस्टचा आकडा. जो पास होत नाही तो वितळायला जातो, स्वस्तात द्या म्हणणारे भेटतात पण तो आम्ही देत नाही. सध्या भाऊ त्याच ट्रकच्या कोअरच्या तुकड्यांवर पाण्याचं जॅकेट बसवून वॉटर-टू-एअर (वाऱ्याऐवजी पाण्याने हवा गार करणारा) करून बघतोय, मागे इंजिन असलेल्या गाड्यांसाठी, जिथे समोरनं पाईप आणणं लांब पडतं. रस्त्यावर आकडे चांगले येतायत, पण पाणी गार करणारा पुढचा छोटा रेडिएटर केवढा लागेल ते ट्रॅकवर लांब चालवून नक्की झाल्याशिवाय विकणार नाही.

कुणाला बनवून घ्यायचा असेल तर एवढं पाठवा, बंपर काढून मोकळ्या जागेचं माप, बूस्ट किती, आत्ता पॉवर किती आणि कितीपर्यंत न्यायची आहे, पाईप कुठल्या बाजूने येतात, गाडी रस्त्यावर चालवता की ट्रॅकवर. आणि जमलं तर आत्ताच्या इंटरकूलरनंतरचं तापमान फुल बूस्टला मोजून पाठवा, कारण ते जर बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंशच जास्त असेल तर तुम्हाला आमच्या इंटरकूलरची गरज नाही, तसं आम्ही कळवतो.