गाडी बंद पडत नाही, भीती त्याचीच

कोल्हापुरात इलेक्ट्रिक गाडी घेतली की जून लागताच एक प्रश्न सुरू होतो. बँकेत, मंडईत, गल्लीच्या तोंडाशी कुणी ना कुणी थांबवून विचारतं, "वैनी, पुराच्या पाण्यात घातली तर करंट नाही का बसत?" मी शाहूपुरीत राहते. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला आमच्या भागात होड्या फिरल्या, त्यामुळे विचारणाऱ्याची काळजी खरी असते. रस्त्यात उभ्याउभ्या मी नेहमी अर्धवट उत्तर देते. आज बसून सांगते.

करंट बसत नाही. घरातल्या विजेची एक तार जमिनीशी जोडलेली असते, म्हणून ओल्या फरशीवर उभं राहून दुसरीला हात लागला की वीज आपल्या अंगातून जमिनीकडे धावते. गाडीच्या मोठ्या बॅटरीचं प्लस आणि मायनस, दोन्ही गाडीच्या पत्र्यापासून तोडलेली असतात. तिथली वीज बॅटरीतून निघते आणि बॅटरीतच परत येते. तुमच्या अंगातून जमिनीत जायला तिला वाटच नसते. शिवाय वीज पत्र्याकडे झिरपतेय का, हे गाडी सतत तपासत असते. झिरपली तर इशारा देते, बिघाड मोठा असेल तर पेटीच्या आतले स्विच उघडून वीज आतच अडवते. माझ्या गाडीची बॅटरीपेटी आयपी 67 दर्जाची आहे. म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाता कामा नये.

इतकं ऐकलं की समोरचा निश्चिंत होतो, आणि मला तिथंच धास्ती वाटते. एक मीटरचा आकडा पेटीचा आहे, गाडीचा नाही. चाचणीही स्वच्छ, स्थिर पाण्यातली. तीन वर्षं आपल्या स्पीडब्रेकरांवर पोट घासलेली पेटी तशीच टिकेल, हे कुणी लिहून देत नाही. किती पाण्यातून गाडी न्यायची, हे मालकाच्या पुस्तकात वेगळं दिलेलं असतं. माझ्या पुस्तकात 300 मिलिमीटर लिहिलंय. चाकाचा मधला भाग पाण्यात गेला की संपलं.

आमची आधीची गाडी पेट्रोलची होती. 2021 च्या जुलैत ह्यांनी ती गुडघाभर पाण्यातून काढायला बघितली. पन्नास पावलं गेली असेल, बॉनेटखाली खट्कन आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. नंतर मेस्त्रींनी इंजिन उतरवून एक कनेक्टिंग रॉड काढला आणि टेबलावर नव्या रॉडशेजारी ठेवला. नवा सपाट बसला. आमचा बोटानं दाबला की झोपाळ्यासारखा डुलायचा. "हवेच्या वाटेनं पाणी आत गेलं, वैनी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग रॉडच वाकतो," मेस्त्री म्हणाले. खर्च मोठा आला. पण ती गाडी पन्नास पावलांवर बंद पडली, म्हणून आम्ही त्याच्या पुढच्या खोल पाण्यात गेलो नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

इलेक्ट्रिक गाडीला श्वास घ्यायला हवा लागत नाही. मोटर पाण्याखालीही फिरत राहते. 2024 च्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. त्याच्या आदल्या दिवशी मी शियेहून कसबा बावड्याकडे परत येत होते. बॅरिकेड अजून लागली नव्हती. उसाच्या शेतातून पाणी रस्त्यावर आलं होतं, समोरचा डंपर पार झाला, म्हणून मीही गाडी घातली. आवाज नाही, धक्का नाही, स्क्रीनवर इशारा नाही. गाडी इतकी शांत चालत होती की मी पाण्याकडे नीट बघितलंच नाही. मग एकाएकी स्टेअरिंग हलकं लागलं. मी उजवीकडे वळवलं आणि नाक डावीकडेच सरकत राहिलं, हातभर असेल. पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटली होती.

हिशेब सोपा आहे, मी घरी येऊन केला. गाडीचा तळ साधारण चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद. पाणी तळाच्या वर 20 सेंटिमीटर चढलं की 1400 लिटर पाणी बाजूला सरतं, आणि माझी गाडी तेवढ्याच किलोची आहे. बॅटरीमुळे गाडी जड, ती कशाला तरंगेल, असं लोक म्हणतात. पण तळ बंद आणि सपाट असतो. आत पाणी शिरेपर्यंत ती पत्र्याची होडीच. त्यात वाहतं पाणी बाजूनं ढकलत असतं. मी जीव मुठीत धरून रिव्हर्स घेतली, चाकं टेकली, बाहेर आले. हात कितीतरी वेळ थरथरत होते. त्या दिवसापासून करंटचं विचारणाऱ्याला मी आधी हे सांगते.

दुसरं सांगायचं ते पाणी ओसरल्यानंतरचं. त्याबद्दल कुणीच विचारत नाही, पण माझा जीव तिथंच अडकतो. गाडी बुडाली असेल तर ती सुरू करून बघू नका आणि चार्जिंगला तर अजिबात लावू नका. टोचन लावून ओढू नका. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. चारही चाकं वर घेणारा ट्रक मागवा. तोवर गाडी उघड्यावर, घरापासून लांब ठेवा. 2022 च्या सप्टेंबरात अमेरिकेत फ्लोरिडाला इयन चक्रीवादळ आलं, समुद्राचं पाणी घराघरांत शिरलं, आणि त्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतर काही दिवसांनी पेट घेतला. मीठ मागे राहतं आणि बॅटरीत वीज भलत्या वाटेनं वाहू लागते. अशी गाडी घर आणि इतर वाहनांपासून 50 फूट लांब ठेवा, असं तिथलं सरकारी वाहनसुरक्षा खातं सांगतं. आमच्या पंचगंगेचं पाणी गोडं आहे, त्यात गाळ जास्त. माझ्या नणंदेचं घर चिपळूणला, वाशिष्ठीकाठी, तिथं भरतीचा जोर असतो. तिला मी बजावून ठेवलंय: गाडी बुडाली तर दाराशी आणायची नाही, पोर्चमध्ये तर नाहीच. तळातून बुडबुडे, फुसफुस किंवा वेगळाच वास आला तर आधी माणसं लांब न्यायची आणि 101 लावायचा.

माझी गाडी त्या दिवशी बुडाली नव्हती, तरी मी ती तपासायला दिली. गालिचा उचलला तर खाली चिखलाचं पातळ पाणी होतं. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी जाड केबलींना काही झालं नव्हतं. सीटखालच्या एका साध्या 12 व्होल्टच्या कनेक्टरवर मात्र हिरवट बुरशीसारखा थर धरला होता. वेळेत साफ केला म्हणून निभावलं.

आता घरचा चार्जर भिंतीवर 2019 च्या पाण्याच्या रेघेच्या वर बसवलाय. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की मी बंधाऱ्याची पातळी बघायला लागते. ती 35 फुटांवर गेली की इशाऱ्याच्या 39 ची वाट न बघता गाडी पूर्ण चार्ज करते, सागरमाळावर मावशींच्या दारात लावते आणि रिक्षानं घरी येते.