इलन पाइप्ससाठी रीड बनवायला शिकताना

इलन पाइप्स हे आयर्लंडचे वाद्य तोंडाने फुंकले जात नाही. उजव्या कोपराखालच्या भात्याने हवा भरायची आणि डाव्या काखेतल्या पिशवीवर दाब ठेवून ती वाद्यात सोडायची. आपल्या सनईची पत्ती वादकाच्या ओठांत भिजते, इथली पत्ती, म्हणजे रीड, मात्र कायम कोरड्या हवेवर बोलते, म्हणून ती फार पातळ लागते आणि हवामानाला फार लवकर प्रतिसाद देते. डब्लिनमध्ये राहायला आल्यावर वादन शिकू लागलो, तेव्हा बहुतेक वादक आपली रीड स्वतःच दुरुस्त करतात हे पाहून मीही हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या, १९६८ साली स्थापन झालेल्या ‘ना पीबरी इलन’ या वादकांच्या संस्थेत रीड बनवायला शिकू लागलो.

सुरुवात अरुंडो डोनॅक्स या बोरूपासून होते. त्याची पट्टी आतून कोरून, वाळूकागद गुंडाळलेल्या नळकांड्यावर घासली, की कडा मध्यापेक्षा पातळ होतात. मग ती मधोमध तोडून दोन पाती समोरासमोर ठेवायची, त्यांची शेपटे निमुळती करायची आणि तांब्याच्या किंवा पितळेच्या लहान नळीवर मेण लावलेल्या दोऱ्याने घट्ट बांधायची. हवा कुठून निसटते का, हे पाहण्याची रीत मला फार आवडते: नळीच्या टोकाकडून हवा ओढून घेतली की रीडचे ओठ, म्हणजे दोन पात्यांची मोकळी टोके, मिटतात, आणि बांधणी पक्की असेल तर ते क्षणभर मिटलेलेच राहून मग ‘टप्’ आवाज करत उघडतात.

खरी विद्या यापुढच्या खरवडण्यात आहे. सुरीच्या धारेने साल एकेक पापुद्रा काढत जायची आणि दर वेळी वाद्यात बसवून ऐकायचे. रीड जड राहिली तर वरच्या सप्तकासाठी दंडाचा जोर अपुरा पडतो; फार हलकी झाली तर अंगठ्याचे भोक उघडून वाजवायचा वरचा डी (हा पाश्चात्त्य स्वर) बेसूर होऊन खाली उतरतो. खालचा डी भरदार निघावा आणि वरच्या सप्तकातला ई थोड्याशा दाबाने मिळावा, या दोन्ही गोष्टी एकाच रीडने करायच्या असतात, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने आधी या दोन सुरांतला समतोल कानाने ओळखायला शिकावे. ओठांच्या बुडाशी बसवलेली तांब्याची पट्टी बाजूंनी दाबली की ओठ उघडतात, समोरून दाबली की मिटतात. सुरी उचलण्याआधी हा उपाय करून पाहावा, कारण पट्टी परत जागेवर आणता येते, काढलेली साल परत येत नाही.

बोरूला स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून नवी रीड थोडी जडच ठेवून काही दिवस वाजवावी, आणि शेवटचे खरवडणे, खोलीतला हीटर ज्या ऋतूत रोज चालतो तो ध्यानात घेऊन, त्यानंतरच करावे.