नऊ यार्डांचा हिशोब

आमच्या पुण्याच्या ऑफिसात रात्रपाळीला अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या आकड्यांची पडताळणी चालते. जुन्या वर्तमानपत्रांतले आकडे भरायचे, लीगच्या अधिकृत नोंदींशी ताडून बघायचे. जुळलं नाही की शीटमधला रकाना लाल होतो.

त्या रात्री माझ्या वाट्याला १९७२ चे मायामी डॉल्फिन्स आले. त्यांच्या बॅकफील्डचा, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा क्वार्टरबॅक आणि त्याच्यामागून चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्यांचा, तेव्हा भलताच दरारा होता. १४ सामन्यांत नुसतं पळून २९६० यार्ड, आणि हार एकही नाही. लॅरी झोंकाचे १११७ यार्ड चोख जुळले. मर्क्युरी मॉरिसचा रकाना मात्र लालभडक. लीग म्हणते १०००, माझी बेरीज ९९१.

टीम लीड मागून डोकावली. "एवढा गोल आकडा आपोआप येत नाही रे. कुणीतरी हात फिरवलाय. शोध."

हात फिरवला होता, पण राजरोस. बफेलोविरुद्ध क्वार्टरबॅक अर्ल मॉरलने मॉरिसकडे मागे टाकलेला चेंडू निसटला आणि नऊ यार्डांचं नुकसान मॉरिसच्या नावावर लागलं. हंगाम संपला तेव्हा त्याचे ९९१च भरले. मग डॉल्फिन्सने लीगला ती खेळी पुन्हा तपासायला लावली, आणि वजाबाकी मॉरलच्या खात्यात गेली. मॉरिस बरोब्बर १०००! एकाच संघातले दोघे एकाच हंगामात हजारी, हे लीगमध्ये त्याआधी घडलंच नव्हतं.

निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण मॉरिसचे बाराशे झाले असते, तर ती खेळी कुणी उकरून काढली असती का? मला नाही वाटत. आणि मॉरल बिचारा! बॉब ग्रीसीचा पाय मोडल्यावर अडतिसाव्या वर्षी संघ खांद्यावर घेतलेला माणूस. अर्थात क्वार्टरबॅकला नऊ यार्ड उणे झाल्याने काय फरक पडतो म्हणा.

मी शेरा लिहून १००० कायम ठेवले. १९७६ च्या पिट्सबर्गचे फ्रँको हॅरिस आणि रॉकी ब्लायर, ११२८ आणि १०३६, विनातक्रार पार पडले. मग १९८५ चं क्लीव्हलँड. तोवर हंगाम १६ सामन्यांचा झाला होता. केव्हिन मॅक ११०४, अर्नेस्ट बायनर १००२.

बायनरचा रकाना हिरवा होता. तरी त्याची बेरीज मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा केली. जुळली.