बँडचं गिग ॲप: पावसाळ्यात काम कुठवर आलं

पावसाळ्यात आमच्याकडे गिग, म्हणजे वाजवायचे कार्यक्रम, जवळजवळ नसतातच. बीचवरचे शॅक झाकलेले, वॉटर स्पोर्ट बंद, होमस्टेवाले डागडुजीच्या मागे, म्हणून या दिवसांत आम्ही नवीन गाणी बसवतो आणि यावेळी जोडीला बुकिंगची शीट पूर्ण सोडवून परत बांधायला घेतली. नवीन लोकांसाठी थोडक्यात: आम्ही कुडाळचे, पाच जणांचा बँड, गाणी स्वतःची, मालवणी आणि मराठी, वाजवतो मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला, सावंतवाडी, अधूनमधून रत्नागिरी. एजंट नाही, मॅनेजर नाही, बुकिंग मी आणि आमचा बेसवाला (बेस गिटार वाजवणारा) मिळून बघतो.

सेटअप सध्या असा आहे की डेटा गूगल शीटमध्ये, फोनवर वापरायला ॲपशीट (शीटवरून कोड न लिहिता ॲप बनवून देणारं गूगलचं साधन) आणि रोजच्या आठवणीसाठी ॲप्स स्क्रिप्ट (शीटमधली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम). एअरटेबल हे ऑनलाईन डेटाबेस ॲप पण वापरून बघितलं, दिसायला एकदम भारी आहे, पण फुकटच्या प्लॅनमध्ये एका डेटाबेसला १,००० रेकॉर्डची (ओळींची) मर्यादा आणि आम्ही फोनवर झालेलं प्रत्येक बोलणं वेगळी ओळ म्हणून टाकतो त्यामुळे ती मर्यादा पुरणारी नाही. नोकोडीबी पण तसंच आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, ज्यांच्या बँडमध्ये सर्व्हर सांभाळणारा कोणी असेल त्यांनी जरूर बघा. आमच्यासाठी निकाल लागला तो ऑफलाईनवर. देवबागला एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी, माडांच्या आत शिरलं की रेंज कधी असते कधी नसते, आणि जागेची माहिती भरायची असते ती नेमकी तिथेच उभं राहून. ॲपशीटमध्ये फोटोसकट नोंद करून ठेवायची, रेंज आली की सिंक होतं.

आता या पावसाळ्यातला खरा बदल. जागा आणि माणूस ही दोन टेबलं वेगळी केली.

आधी एका ओळीत सगळं होतं, रिसॉर्टचं नाव, मॅनेजरचं नाव, फोन, मानधन. पण आपल्या इकडे मॅनेजर लोक सीझनला बदलतात, या वर्षी तारकर्लीला असलेला पुढच्या वर्षी वेंगुर्ल्याला किंवा थेट गोव्यात मोरजीमला सापडतो, आणि आपल्याला बोलावतो तो माणूस, जागा नाही. त्याने एकदा आपला शो नीट झालेला बघितलेला असतो, गेस्ट खूश होते हे त्याच्या डोक्यात असतं, तो जिथे जाईल तिथे आपल्याला घेऊन जातो, आणि जुन्या जागेवर जो नवीन आला त्याला आपण कोण हे पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून आता माणसांचं टेबल वेगळं, जागांचं वेगळं आणि मधे एक जोडणारं टेबल, त्यात कोण कुठे कधीपासून कधीपर्यंत होता एवढंच. माणूस हलला की जुनी ओळ बंद करायची, नवीन उघडायची, त्याच्याशी झालेलं सगळं बोलणं त्याच्याबरोबर पुढे जातं. आणि जागेची माहिती, म्हणजे स्टेज कुठे, प्लग किती, शेजारी कोण, ती जागेपाशीच राहते. माझ्या मते स्वतंत्र बँडसाठी या अख्ख्या खटाटोपात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, बाकी कॅलेंडर-बिलेंडर कुठल्याही ॲपमध्ये होतं.

बाहेरची तयार गिग सॉफ्टवेअरं बघितली तर त्यातली बरीचशी ईमेल आणि लेखी करारावर उभी आहेत. आपल्याकडे सगळा व्यवहार फोनवर. मालवणात कोणाला फॉर्मल ईमेल टाकला तर तो तसाच पडून राहतो, आणि तोच माणूस दुपारी फोनवर दहा मिनिटं प्रेमाने बोलतो आणि शेवटी म्हणतो, "बघूया, गणपती होऊंदेत, मगे सांगतंय." हे वाक्य आम्ही आता जसंच्या तसं नोंदवतो. त्यासाठी बोलण्याच्या टेबलात दोनच कॉलम सक्तीचे ठेवलेत, 'शेवटचा शब्द' आणि 'पुढचा फोन कधी'. दोन्ही भरल्याशिवाय ॲप नोंद सेव्हच करू देत नाही. गणपतीनंतर सांगतो म्हणाला ना, मग अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार टाकायचा. सोमवार यासाठी की शनिवार-रविवारची गर्दी उतरलेली असते, आणि वेळ दुपारी साडेतीन ते पाच, जेवणाची घाई संपलेली, संध्याकाळचं चेक-इन सुरू व्हायचंय.

एक खरी नोंद दाखवतो, नाव काढून:

जागा: देवबाग, खाडीकडचा होमस्टे, अंगण. माणसं: साठ-सत्तर. फॉरमॅट: दोघे किंवा तिघे, ड्रम नको, कहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) चालेल. लाईट: १५ अँपिअरचा एकच पॉईंट किचनमागे, एक्स्टेंशन लांब लागते, अर्थिंग कच्चं, गिटारला हम (घुमणारा आवाज) येतो, डीआय बॉक्सवर (गिटार साउंड सिस्टीमला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं, म्हणजे हम जातो. जनरेटर आहे, पण पंखे-लाईटपुरता. दिशा: स्पीकर खाडीकडे तोंड करून, उत्तरेला वयस्कर जोडपं राहतं. जेवण: आठला, त्यामुळे पहिला सेट साडेसहाला. शेवटचा शब्द: "डिसेंबरात शाळेचे ग्रुप असतत, जानेवारीत बघूया." पुढचा फोन: डिसेंबरचा तिसरा सोमवार.

ही नोंद असली की बेसवाला नसतानाही कोणीही जाऊन सेटअप लावू शकतो. प्लग, स्टेजचा कोपरा आणि गाडी कुठपर्यंत जाते हे तीन फोटो प्रत्येक जागेला लावतोच, कारण माडाच्या वाटेवरून स्पीकर उचलून न्यायचे असतील तर ते आधी माहीत असलेलं बरं.

शेजाऱ्यांचा मुद्दा थोडा जास्त सांगतो कारण एखादी जागा आपल्याला परत बोलवत नाही त्यामागे बऱ्याचदा आवाजाची तक्रार असते आणि मॅनेजर ते तोंडावर सांगत नाही. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासमारंभाला सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या आजूबाजूचा किमान १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि खासगी जागेतली सिस्टीम असेल तर कंपाउंडच्या हद्दीवर तिथल्या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये, म्हणजे ६०. हे अंगणातल्या फुल ड्रम किटला झेपणारं नाही, हे सरळ आहे. त्यामुळे आता साउंडचेकला आमच्यातला एक जण फोनवर मीटर लावून कंपाउंडच्या भिंतीपाशी जातो आणि आकडा जागेच्या नोंदीत टाकतो. फोनचा मीटर लॅबसारखा अचूक नसतो हे मान्य, पण मागच्या वेळपेक्षा वाढलाय की कमी झालाय एवढं नक्की कळतं, आणि मालकाला "काका, हद्दीवर चेक करून आलोय" असं सांगितलं की तो निर्धास्त होतो. त्याच आकड्यावरून कुठल्या जागेला दोघे, कुठे तिघे, कुठे पूर्ण बँड हे ठरतं. 'संपायची वेळ' हा कॉलम तर मी लॉकच करून टाकलाय, उघड्यावरच्या शोला पावणेदहा, बदलता येत नाही, त्यातून मागे मोजत साउंडचेकची आणि कुडाळहून निघायची वेळ शीट स्वतः काढते.

कॅलेंडर. इथे कोकणातल्या बँडांनी एक गोष्ट करायलाच हवी, जत्रा टाका. ज्या गावात त्या रात्री जत्रा आणि दशावतार आहे तिथलं माणूस तुमच्या गिगला येणार नाही, येऊही नये, आमचा ड्रमरसुद्धा गावच्या जत्रेला सुट्टी मागतो. पण या जत्रा बहुतेक तिथीवर, त्यामुळे गूगल कॅलेंडरमध्ये 'दरवर्षी रिपीट' लावून काही उपयोग नाही, तिथी इंग्रजी तारखेच्या मागेपुढे सरकत राहते. दिवाळीला नवीन पंचांग-कॅलेंडर घरात आलं की एक संध्याकाळ बसून सगळ्या जत्रा हाताने टाकतो. कुणकेश्वरची महाशिवरात्रीला, ती आधीच कळते. आंगणेवाडीची तिथीवर नाही, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, त्यामुळे तिच्यासाठी जानेवारी ते मार्चमध्ये एक रिकामी नोंद ठेवलीय आणि तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी भरायची, कारण त्या दोन दिवसांत मालवण-कणकवली पट्ट्यात खोली मिळत नाही, रस्ता मिळत नाही, आणि मुंबईहून आलेले सगळे तिकडेच असतात. त्याच्या आदल्या आणि नंतरच्या शनिवारी मात्र मुंबईकर गावात असतो, त्या तारखा आम्ही मुद्दाम मोकळ्या ठेवतो.

तारखा धरून ठेवण्याचं पण नीट बसवलं. मोठ्या शहरातल्या व्हेन्यूंमध्ये पहिला होल्ड, दुसरा होल्ड अशी पद्धत असते, एकाच तारखेवर रांग लावायची आणि मागच्याचं पक्कं व्हायला लागलं की पहिल्याने ठराविक वेळेत हो किंवा नाही सांगायचं. आम्ही तीच पद्धत उलट्या बाजूने वापरतो, म्हणजे एका तारखेला दोन जागा विचारत असतील तर पहिल्या जागेचा होल्ड पहिला, दुसरीला स्पष्ट सांगायचं की तुमच्या आधी एक जण आहे, शुक्रवारपर्यंत कळवतो. होल्डला शेवटची तारीख असते, ती उलटली की ओळ लाल होते. ३१ डिसेंबरसाठी याचा फार उपयोग, कारण सगळ्यांना बँड हवा असतो आणि सगळे ऑक्टोबरमध्ये नुसतं विचारून ठेवतात. ॲडव्हान्स यूपीआयने आला की स्टेटस 'पक्कं', त्याआधी नाही, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. यामुळे ओळखी तुटत नाहीत हा माझा अनुभव आहे, उलट दोन्ही बाजूंना नक्की काय ते माहीत असतं.

रोज सकाळी आठला ॲप्स स्क्रिप्ट त्या दिवशीच्या फोनची यादी आम्हा दोघांना मेल करते. प्रत्येक नावासमोर डब्ल्यूए डॉट मीची लिंक, दाबली की त्या माणसाचं व्हॉट्सॲप उघडतं आणि आधीचा 'शेवटचा शब्द' धरून एक मेसेज लिहून तयार असतो. पण पाठवायचं बटण आपण दाबायचं, त्याआधी मेसेज वाचायचा, दोन शब्द आपले घालायचे. आपोआप पाठवायचं मी मुद्दाम ठेवलेलं नाही. ज्याच्या घरी गेल्या आठवड्यात सुतक झालंय त्याला मशीनने 'नमस्कार, सीझनच्या तारखा' पाठवलं तर ते फार वाईट दिसेल, आणि इथे अशा गोष्टी वर्षानुवर्षं लक्षात राहतात. म्हणून माणसांच्या टेबलात 'सध्या थांबा' असा एक टिक पण आहे, तो लावला की यादीत नाव येत नाही.

सेटलिस्टचं टेबल गिगला जोडलंय, कुठल्या जागेला कुठली गाणी वाजवली ते दिसतं, तेच गेस्ट परत आलेले असतील तर क्रम बदलता येतो. दुसरा उपयोग आयपीआरएससाठी, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीसाठी. स्वतःची गाणी करणाऱ्यांनी तिथे नोंदवून ठेवा, आणि कव्हर (दुसऱ्यांची गाणी) वाजवत असाल तर लायसन्स आयोजकाकडे आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारा, आम्ही त्यासाठी हो/नाहीचा एक कॉलम ठेवलाय. कंपन्यांचे ऑफसाईट असतात तिथे टीडीएस कापून पैसे येतात, ती कापलेली रक्कम वेगळ्या कॉलममध्ये, रिटर्नच्या वेळी पॅनवर दिसतेय का ते ताडून बघायला.

आता पुढचं. वेंगुर्ल्याचा एक बँड आणि आम्ही मिळून जागांचं टेबल शेअर करायचं ठरवलंय. त्यात फक्त तांत्रिक कॉलम जातील, प्लग, दिशा, हद्दीवरचा आकडा, फोटो. माणसांचे नंबर, शेवटचा शब्द आणि मानधन जाणार नाही, कारण ते त्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवून सांगितलेलं असतं. ॲपशीटमध्ये टेबलप्रमाणे वेगळा व्ह्यू देता येतो, पण मूळ शीट शेअर झाली तर सगळंच उघडं पडतं, म्हणून जागांची शीट वेगळ्या फाईलमध्ये काढायचं काम चालू आहे, नारळी पौर्णिमेपर्यंत होईल.

अडलंय ते एका ठिकाणी. मानधन ठरवताना अंतर, फॉरमॅट आणि सीझन धरून शीटने एक आकडा सुचवावा असं डोक्यात आहे, पण मे महिन्यातला शनिवार आणि सप्टेंबरमधला बुधवार यात किती फरक धरायचा हे बसत नाहीये. अलिबाग-नागाव-काशीद बाजूला वाजवणाऱ्यांनी सांगा, तुमच्याकडे मुंबईची वीकेंड गर्दी जवळपास वर्षभर असते, तर तुम्ही सीझनचे दोनच भाव ठेवता की दर शनिवारी वेगळं बोलता?