महास्फोटाच्या आधी काय होतं? तुम्ही विचारलंत म्हणून

व्याख्यान कृष्णविवरांवर असो की ग्रहणावर, शेवटी हा प्रश्न येतोच. वर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘आता कशी सापडली!’

अहो, शून्यातून विश्व काढून दाखवतो असं महास्फोटाचा (बिग बँगचा) सिद्धांत म्हणतच नाही. विश्व कधीकाळी अतितप्त आणि दाट होतं, तिथून पुढचं तो सांगतो. त्याची परीक्षा घ्यायची तर यावर घ्या: साध्या द्रव्यात वजनाने सुमारे 25 टक्के हेलियम आहे, एवढा ताऱ्यांत बनणं शक्य नाही, मग आला कुठून? आकाशात सगळीकडे 2.7 केल्विनचं, म्हणजे शून्याखाली सुमारे 270 अंश सेल्सियस इतकं थंड प्रारण (रेडिएशन) का? 1965 साली ते जाहीर झाल्यापासून यातून विरोधकांचीही सुटका नाही. नारळीकरांना महास्फोट मान्य नव्हता. पण 1993 साली हॉईल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी पर्याय मांडला, तेव्हा ताऱ्यांच्या प्रकाशाचं हेच प्रारण करून दाखवायला अवकाशात लोखंडाच्या सूक्ष्म सुया मानाव्या लागल्या. मला त्या सुया पटल्या नाहीत. पण प्रश्न त्यांनी टाळला नाही, हे खरं.

मुलुंडच्या एका व्याख्यानमालेत एक आजोबा उठले. मी हॉकिंगचं ठरलेलं उत्तर फेकलं: उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय, असं विचारताय तुम्ही. लोक हसले. आजोबा बसले नाहीत.

‘पृथ्वी गोल आहे हे माहीत आहे, बाई. काळ तसा आहे हे कुणी तपासलंय?’

‘ते या सिद्धांताचं काम नाही.’

‘मग प्रतिद्रव्य कुठे गेलं, ते तरी?’

प्रतिद्रव्य म्हणजे द्रव्याचा उलट विद्युतभाराचा जुळा; दोघं भेटले की दोघंही संपतात. म्हटलं, सुरुवातीला अब्ज प्रतिकणांमागे साधारण एक कण जास्त होता. बाकी एकमेकांना संपवून गेले, उरला त्यातून आपण.

‘एक जास्त का?’

‘तो आकडा निरीक्षणातून घेतात.’

‘म्हणजे उत्तर बघून गणित!’

पुन्हा हशा, या वेळी माझ्यावर. अध्यक्षांनी वेळेचं कारण काढून शाल-श्रीफळ पुढे केलं. हातात नारळ धरून वाद घालता येत नाही.

परतीच्या स्लो लोकलमध्ये उत्तरं सुचत गेली, आणि घाटकोपर येईतो बहुतेक गळाली. एक टिकलं. उरलेल्या द्रव्याचा तो अब्जामागे एकचा आकडा ड्युटेरियमवरून (जड हायड्रोजनवरून) काढा किंवा प्रारणातल्या बारीक चढउतारांवरून, जवळपास तोच येतो. बघून लिहिलेलं गणित दोन वेगळ्या वाटांनी जुळत नाही. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मग हेही सांगावं लागलं असतं, की त्याच आकड्याने लिथियम प्रत्यक्षात दिसतो त्याच्या तिप्पट येतो.

तरुणपणी मी ठणकावून म्हणायचे, भौतिकशास्त्राने ‘का’ विचारू नये. पण आकाशाच्या दोन टोकांकडून येणाऱ्या प्रारणाचं तापमान लाखात एक इतक्या फरकाने सारखं का, या ‘का’पायीच तर 1980 च्या सुमारास विश्वाच्या सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणाची कल्पना पुढे आली. आणि ते प्रसरण कशामुळे झालं? आजोबा पुन्हा उभेच.

तेव्हा विचारा ‘आधी’चं, हरकत नाही. फक्त ‘आधी’ सांगणारा सिद्धांत घेऊन याल तेव्हा हेलियमचा हिशेब सोबत आणा.