आमची वाटचाल : मेमरी तयार, प्रोसेसर वाटेत

सर्व्हरमध्ये बसणारे मेमरी मॉड्यूल तपासून देणं हा आमचा धंदा. चिप आम्ही बनवत नाही. मॉड्यूल ठरलेल्या वेगाला आणि तापमानाला टिकतं का, एवढंच पाहतो. डीडीआर४ या मागच्या पिढीच्या मेमरीच्या काळात बोर्ड सहज मिळायचे, माल यायचा, अहवाल जायचा, बिल निघायचं.

जुलै २०२० मध्ये मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने पुढच्या पिढीचं, म्हणजे डीडीआर५ चं मानक प्रसिद्ध केलं आणि आम्ही नव्या यंत्रणेसाठी बाहेरून भांडवल उभं केलं. काम वाढणार हे दिसतच होतं. व्होल्टेज १.२ वरून १.१ वर आलं, वीज सांभाळणारी चिप मदरबोर्ड सोडून मॉड्यूलवर आली, एकाच मॉड्यूलमध्ये माहिती ने-आण करणारे दोन स्वतंत्र मार्ग (उपचॅनेल) झाले. तपासायला जास्त, म्हणजे बिलही जास्त. गुंतवणूकदारांना हिशेब पटला.

पण मेमरी चालवणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, असतो प्रोसेसरच्या पोटात. प्रोसेसरच नसेल तर मॉड्यूल लावायचं कशावर? डेस्कटॉपचे डीडीआर५ वाले प्रोसेसर नोव्हेंबर २०२१ मध्ये आले. सर्व्हरचे लांबत गेले. एएमडीचे यायला नोव्हेंबर २०२२ आणि इंटेलचे यायला जानेवारी २०२३ उजाडलं. तोवर यंत्रं बसून, व्याज चालू. पगार निघाले ते डीडीआर४ च्या कामावर, ज्याला आमच्याच बैठकीत 'संपत आलेलं' म्हटलं गेलं होतं!

एक गुंतवणूकदार सारखे विचारायचे, "मेमरीतच खोट नाही ना?" त्यांना मी जुने दाखले दिले. १९९९ च्या सप्टेंबरात रॅम्बस या तेव्हाच्या नव्या मेमरीसाठीचा इंटेलचा ८२० चिपसेट (प्रोसेसर आणि मेमरी जोडणारी मदरबोर्डवरची चिप) ऐनवेळी अडला; तीन स्लॉटचं जमेना, म्हणून नोव्हेंबरात दोन स्लॉटवर आला. ती मेमरी महागही होतीच, सगळा दोष उशिराचा नव्हे. इंटेलच्या ऑप्टेन मेमरीमागचं तंत्रज्ञान २०१५ ला जाहीर झालं, पण त्याची मॉड्यूल चालवणारे झिऑन हे सर्व्हर प्रोसेसर २०१९ ला आले आणि २०२२ मध्ये इंटेलने तो धंदाच गुंडाळला. हे ऐकून त्यांना धीर आला असं नाही, पण प्रश्न बदलले.

पुढच्या करारात आम्ही गुंतवणूकदारांकडून येणारे भांडवलाचे हप्ते प्रोसेसरच्या घोषणेला न बांधता बाजारातल्या प्रत्यक्ष पुरवठ्याला बांधले. त्यांना परतावा उशिरा दिसतो, आम्हाला यंत्रं उशिरा मिळतात. पण रिकाम्या यंत्रांवर व्याज चढत नाही. आता सीएक्सएल, म्हणजे प्रोसेसरला वेगळ्या जोडणीने लागणाऱ्या मेमरीची विचारणा येते. कोणत्या प्रोसेसरवर चालवणार आणि तो हातात कधी येणार, हे कळल्याशिवाय आम्ही कोटेशन काढत नाही.