बाक कुजले ते पावसाच्या पाण्याने

गेल्या चतुर्थीनंतर मित्राच्या जुन्या स्की-बोटीवरची, म्हणजे पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरीने ओढणाऱ्या बोटीवरची, ताडपत्री आम्ही काढली, तेव्हा मागे तोंड करून बसण्याच्या बाकावर मी सहज गुडघा टेकवला आणि तो दोन इंच आत गेला. रेक्झिन वरून धडधाकट दिसत होते. पण बाजूची शिवण उसवून लाकडात टोचा खुपसला, तर तो भिजलेल्या पावात शिरावा तसा मुठीपर्यंत शिरला. "मांडवीत ठेवलेली बोट, खारे पाणी लागणारच," असे मित्राने गोव्यातल्या या नदीबद्दल म्हणून टाकले आणि मलाही ते तेव्हा पटले. पुढे त्या बाकाचा लाकडी सांगाडा नव्याने बांधायचे मीच अंगावर घेतले आणि त्या कामात माझे हे मत पार बदलले.

बोट 1980च्या दशकातील, अमेरिकी बनावटीची, साधारण 19 फूट लांबीची आहे. तिचे 5.8 लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन मधोमध बसवलेले असून दोरी बांधण्याचा खांब त्याच्या अगदी पुढे आहे. ही मांडणी मुद्दाम केलेली असते. ओढ बोटीच्या मध्याजवळून गेली नाही, तर बाजूला सरकणारा स्कीअर बोटीचे मागचे टोक आपल्याकडे खेचतो आणि तिला सरळ रेषेत धरणे चालवणाऱ्याला जड जाते. चालवणाऱ्याची नजर पुढे असते, म्हणून दोरीच्या टोकाच्या माणसाकडे पाहणारा दुसरा माणूस मागे तोंड करून बसतो. आमचे कुजलेले बाक त्याचे. स्लॅलममध्ये, म्हणजे बोयांभोवती नागमोडी स्की करण्याच्या प्रकारात, बोटीचा वेग ताशी 58 किलोमीटरपर्यंत जातो. त्या वेगात बसणारा माणूस क्षणभर उचलला जाऊन पुन्हा आदळतो, तेव्हा या सांगाड्याने केवळ वजन पेलून भागत नाही, त्याला धक्के सोसावे लागतात.

जुना सांगाडा मी फेकला नाही, फणसाखालच्या शेडमध्ये तुकडे मांडून नीट पाहिला. वरच्या कडा आणि पाठीचा वरचा भाग अजून टणक होता. कुजट होती ती खालची कड आणि प्रत्येक स्टेपल पिनेभोवतीचे काळे वर्तुळ. आधी कोणीतरी केलेल्या दुरुस्तीत लोखंडी पिना आणि तळाशी भुशाचे दाबून केलेले बोर्ड वापरले होते. पिना गंजून लाल झाल्या होत्या आणि बोर्ड फुगून पोह्यांसारखा सुटत होता. फोम पिळला तेव्हा बादलीत पडलेले पाणी मी जिभेला लावून पाहिले. ते खारट नव्हते.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांहून अधिक ओल आणि सोबत हवा लागते, आणि मीठ तिला मानवत नाही. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात लाकडी जहाजांच्या फासळ्यांमधील पोकळीत मुद्दाम मीठ भरत असत ते याचसाठी. (रायबंदरच्या मिठागरांसमोरून रोज जाणाऱ्या माणसाला हे कळायला एक बोट कुजावी लागली!) तेव्हा दोष मांडवीचा नव्हता. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीत आम्ही ताडपत्री बाकावर घट्ट ताणून चार महिने ठेवली होती. तिच्या झोळातले गोडे पाणी शिवणीतून फोममध्ये उतरत होते आणि वाऱ्याअभावी तिथेच मुरत होते.

गावातल्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, आयुष्यभर होड्या दुरुस्त केल्या आहेत. मी त्यांना बाक संपूर्ण सीलबंद करण्याचा माझा बेत सांगितला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "उदक भितर सरतलेंच, बाबा. ताका भायर वचपाक वाट दवर." म्हणजे पाणी आत शिरणारच, त्याला बाहेर जायला वाट ठेव. मग मी आराखडाच बदलला. तळाची फळी अखंड न ठेवता तिच्यात वीतभर अंतरावर रुपयाएवढी भोके ठेवली, आणि सांगाड्याची खालची कड बोटीच्या तळाला न टेकवता रबराच्या गोट्यांवर अर्धा इंच उचलली.

प्लायवूड आयएस 710चा, म्हणजे मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलेच घेतले. या मानकानुसार त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. शिक्क्यावर माझा विश्वास कमी, म्हणून एक तुकडा आईच्या जुन्या टोपात दिवसभर उकळला. त्याचा एकही पापुद्रा सुटला नाही. आईने मात्र तो टोप परत घेतला नाही. जाडी 12 मिलिमीटरची निवडली. 18 मिलिमीटरचे मजबूत वाटते खरे, पण 12चाच आठ बाय चारचा ताव सुमारे 25 किलो भरतो, आणि सांध्यांच्या आत सागाच्या पट्ट्या दिल्या की तेवढी जाडी पुरते. पट्ट्या एका मोडीत काढलेल्या खिडकीच्या चौकटीतून निघाल्या. साग तेलकट असल्यामुळे त्यावर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ, नीट धरत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी तो ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ मापे घेण्यात गेला. बोटीत सरळ रेषा नसतेच. तळ दोन दिशांना वळलेला आणि बाजू बाहेर फुगलेली, त्यामुळे गुण्या लावून काही उपयोग होत नाही. मी पुठ्ठ्याचे चार नमुने वाया घालवले. शेवटी मेस्ताने लाकडाच्या छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तो ठोकळा तळाच्या वळणावरून सरकवला. तेच वळण पुठ्ठ्यावर उमटले आणि पाचवा पुठ्ठा पहिल्या फटक्यात बसला.

इपॉक्सीचे तीन थर दिले, त्यांतला बराचसा माल कापलेल्या कडांनीच प्यायला, कारण पाणी शिरते ते तिथूनच. आपल्या दमट हवेत थर वाळताना वर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा थर धरत नाही, हे मला पहिला थर सोलून काढावा लागल्यावर समजले. स्क्रूचे प्रत्येक भोक जरा मोठे पाडून इपॉक्सीने भरले आणि त्यातच पुन्हा बारीक भोक घेतले, म्हणजे स्क्रू उघड्या लाकडाला स्पर्शच करत नाही. स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेसचे वापरले. मात्र ओल्या फोमखाली कोंडलेल्या स्टेनलेसलाही प्राणवायू न मिळाल्यास खड्डे पडतात, म्हणजे इथेही सुकणे आलेच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाक बसवले आणि मित्राच्या नाराजीकडे दुर्लक्ष करून त्यावर बादलीभर पाणी ओतले. बरेचसे पाणी काही मिनिटांतच भोकांतून तळात आणि तिथून पंपाने बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोम कोरडा लागला. ताडपत्रीखाली आता बांबूची कमान आहे आणि तिची दोन्ही टोके उघडी आहेत. चालकाच्या बाकात मी अजून टोचा घातलेला नाही. मित्राचे म्हणणे आहे की घालूच नकोस.